शेवटची अर्धी गोळी

वाचकाचे पत्र: 'मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४६. नऊ वर्षांपूर्वी आई गेल्यानंतर काही महिन्यांनी मला नैराश्याने घेरले. शाळेत जाणे बंद झाले, जेवण तुटले, पहाटे तीनला जाग येऊन नको नको ते विचार येत. मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत मी माणसांत आले. तेव्हापासून गोळी चालूच आहे. गेल्या वर्षी मीच डॉक्टरांना म्हटले की आता बंद करूया. त्यांनी पंधरा दिवस अर्धी, पुढे पंधरा दिवस एक दिवसाआड अर्धी आणि मग बंद, असे लिहून दिले. बंद केल्यावर पाचव्या दिवशी फळ्याकडून वर्गाकडे वळताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे झाले. मग दिवसातून वीस-पंचवीस वेळा तसे होऊ लागले. चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, विनाकारण रडू, मुलावर ओरडणे. मिस्टर म्हणाले, "आजार उलटला." जाऊबाई म्हणाल्या, "गोळ्यांची सवय लागलीय, मन घट्ट कर." सतरा दिवस काढले आणि गोळी पुन्हा घेतली, दोन दिवसांत सगळे थांबले. आता वाटते की मी जन्माची बांधली गेले. हे व्यसन आहे का? पुन्हा प्रयत्न करावा का, आणि करायचा तर कसा?' (नाव न छापण्याची विनंती.)

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: 'गोळी पुन्हा घेतली; दोन दिवसांत सगळे थांबले.' हे वाक्य तुम्ही हार मानल्याची कबुली म्हणून लिहिले आहे, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. नऊ वर्षांपूर्वी हीच गोळी, याच मात्रेत घेऊन तुम्हाला माणसांत यायला दोन महिने लागले होते. नैराश्यावरची औषधे अशीच काम करतात. पहिला फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि पुरता उतार पडायला त्याहून अधिक. त्या सतरा दिवसांत तुम्हाला जे झाले ते नैराश्य असते, तर दोन दिवसांत ओसरले नसते. नऊ वर्षे रोज ठरल्या वेळी मिळणारे औषध एकाएकी मिळेनासे झाले आणि मेंदूने व शरीराने त्याची तक्रार केली, इतकाच त्याचा अर्थ. वैद्यकात याला विथड्रॉवल म्हणतात. मी मात्र इथे 'औषध सुटतानाचा त्रास' असे म्हणणार आहे, कारण विथड्रॉवल म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर दारू आणि गर्द उभे राहतात, आणि त्या शब्दाची सावली तुमच्यावर पडायला नको.

या त्रासात आणि परतलेल्या आजारात फरक कसा करायचा हे तुम्हाला, आणि तुमच्याहूनही तुमच्या मिस्टरांना, नीट कळायला हवे. पहिली गोष्ट वेळेची. औषध सुटतानाचा त्रास मात्रा कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होतो. एस्सिटालोप्रॅमचे रक्तातले प्रमाण साधारण तीस तासांत निम्म्यावर येते, मग पुढच्या तीस तासांत त्याच्याही निम्म्यावर. अशा हिशेबाने पाचव्या दिवशी शरीरात जवळजवळ काही उरत नाही, आणि तुमचा पहिला झटका नेमका पाचव्याच दिवशी आला. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची दुसरी औषधे घेणाऱ्यांना एखादी गोळी चुकली तरी दुसऱ्या दिवशी कसेतरी होऊ लागते, कारण ती औषधे भराभर उतरतात. उलट फ्लुऑक्सेटिन इतके सावकाश उतरते की त्रास झालाच तर तो पुष्कळदा काही आठवड्यांनी होतो, आणि तोवर त्याचा गोळीशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

दुसरी गोष्ट लक्षणांची. तुमच्या मूळ आजारात झटके नव्हते, चक्कर नव्हती, मळमळ नव्हती. नजर एका बाजूकडून दुसरीकडे फिरवताना डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखे होणे ही या त्रासाची इतकी खास खूण आहे की रुग्णाने तेवढे एक वाक्य उच्चारले तरी माझा पहिला प्रश्न 'गोळी कधी थांबवली?' हा असतो. अनुभव घाबरवणारा असला तरी ती फिट नव्हे, आणि त्याने मेंदूला इजा होते असे दिसून आलेले नाही. नैराश्य परतते तेव्हा त्याची चाल वेगळी असते. बहुधा औषध थांबवून काही आठवडे किंवा महिने उलटलेले असतात. उत्साह थोडा थोडा कमी होत जातो, आवडीच्या कामात मन लागत नाही, अन्न बेचव होते, ती पहाटे तीनची जाग परत येते. रडू, चिडचिड, धास्ती आणि मोडलेली झोप मात्र दोन्हींकडे सामाईक आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. घरच्यांना ही चार लक्षणे दिसतात, झटके दिसत नाहीत. तुमचे मिस्टर 'आजार उलटला' म्हणाले ते त्यामुळेच.

आता जाऊबाईंच्या म्हणण्याविषयी. व्यसनात माणसाला त्या वस्तूची ओढ लागते, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागते, ती मिळवण्यासाठी घरदार पणाला लागते. तुम्ही नऊ वर्षे तीच १० मिलिग्रॅमची गोळी घेतलीत, एकदाही दोन घ्याव्याशा वाटल्या नाहीत, आणि सोडायचा विषयही तुम्हीच काढलात. हे व्यसन नव्हे. पण 'व्यसन नाही' याचा अर्थ 'शरीराला काही झालेच नाही' असाही होत नाही, आणि इथे आम्ही डॉक्टर मंडळी पुष्कळ वर्षे चुकलो. शरीर औषधाशी जुळवून घेते. औषध काढून घेतले की त्याला पुन्हा उलट्या दिशेने जुळवून घ्यावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर त्या एकदम बंद करू नयेत हे घराघरांत माहीत असते. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. त्या गोळ्यांच्या बाबतीत कोणी कोणाला मन घट्ट करायला सांगत नाही. मनाच्या घट्टपणाचा या झटक्यांशी काहीएक संबंध नाही.

तुमच्या डॉक्टरांवर राग धरू नका, असे मी म्हणणार आहे, आणि त्यामागे माझा स्वतःचा एक अपराध आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ पॅरॉक्सेटिन बंद केल्यावर दहाव्या दिवशी आले होते. चालताना तोल जातो, डोक्यात करंट लागल्यासारखे होते, टीव्हीवरची साधी जाहिरात पाहूनही डोळे भरून येतात, असे त्यांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले. मी त्यांच्या कागदावर आजार परतल्याची नोंद केली आणि मात्रा पहिल्यापेक्षा वाढवून दिली. ते सात वर्षे त्या वाढीव मात्रेवर राहिले. माझ्या अक्षरातली ती ओळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तेव्हा आमच्या हाती जे मार्गदर्शन होते, त्यात, उदाहरणार्थ ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या सूचनांत, हा त्रास सहसा सौम्य असतो आणि साधारण आठवडाभरात आपोआप जातो असे म्हटलेले होते. ज्यांचा तो आठवड्यात गेला नाही ते रुग्ण ठिकठिकाणी सांगत राहिले, आणि बरीच वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. २०१९ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने आपली भूमिका बदलली, त्याच वर्षी नाइसनेही आपले वाक्य दुरुस्त केले, आणि २०२२ च्या नव्या सूचनांत मात्रा टप्प्याटप्प्याने, रुग्णाला झेपेल त्या गतीने कमी करावी असे स्पष्ट लिहिले. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला महिन्याभराचा हिशेब जुन्या समजुतीतून आला आहे. त्यात हलगर्जी असेलच असे नाही.

त्रास किती जणांना होतो, हेही सांगते, म्हणजे गोळी घेणारे इतर वाचक उगाच घाबरणार नाहीत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात औषध थांबवणाऱ्या साधारण तिघांपैकी एकाला काही ना काही लक्षण जाणवले. पण औषध नसलेली, तुलनेसाठी दिलेली नकली गोळी थांबवणाऱ्यांतही साधारण सहांपैकी एकाला काहीतरी जाणवलेच होते, आणि तीव्र म्हणावा असा त्रास सुमारे ३५ जणांत एकाला झाला. म्हणजे बहुतेकांची गोळी फारसा त्रास न होता सुटते. मात्र त्या अभ्यासांतले बरेचसे लोक काही महिनेच औषध घेत होते, त्यामुळे नऊ वर्षांच्या वापराला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आणि ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी दुसऱ्या वेळी अधिक सावकाश जावे, हे तर उघडच आहे.

सावकाश म्हणजे किती, हे समजण्यासाठी एक गोष्ट नीट पाहावी लागेल, आणि तुम्ही गणित शिकवता म्हणून ती तुम्हाला माझ्याहून चांगली कळेल. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेले जुने आकडे एकत्र करून दाखवले की औषधाची मात्रा आणि मेंदूवरचा परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. तुमच्या गोळीचे थोरले भावंड असलेल्या सिटालोप्रॅमचे आकडे पाहा. मेंदूत सेरोटोनिन हे निरोप पोचवणारे रसायन परत शोषून घेणारी जी वाहक प्रथिने असतात, त्यांपैकी सुमारे ८८ टक्के ६० मिलिग्रॅमला अडवली जातात आणि सुमारे ८० टक्के २० मिलिग्रॅमला. म्हणजे मात्रा एक तृतीयांश झाली तरी परिणाम जेमतेम आठ टक्क्यांनी उतरतो. पुढे ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, ३.४ मिलिग्रॅमला ५० टक्के, दीड मिलिग्रॅमला ३० टक्के, आणि ०.४ मिलिग्रॅमच्याही किंचित खाली गेल्यावर कुठे १० टक्के. एस्सिटालोप्रॅमसाठी हे मिलिग्रॅम साधारण निम्मे धरायचे. आडव्या अक्षावर मात्रा आणि उभ्या अक्षावर टक्के घेऊन हा आलेख एकदा वहीत काढाच. अळणी आमटीत मिठाची पहिली चिमूट पडली की चव एकदम बदलते, पण मीठ बेताचे झाल्यावर वर आणखी एक चिमूट टाकली तर जिभेला फारसे कळत नाही. तसाच हा आलेख आहे. सुरुवातीला तो उभा चढतो आणि पुढे जवळजवळ आडवा होतो.

आता तुमच्या मागच्या प्रयत्नाच्या पायऱ्या त्या आलेखावर ठेवा. १० वरून ५ मिलिग्रॅमवर आलात तेव्हा परिणाम सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ७१ टक्क्यांवर आला. पंधरा दिवस काही जाणवले नाही, कारण जाणवण्यासारखे फारसे घडलेच नव्हते. मग उरलेली अर्धी गोळी एक दिवसाआड करून बंद झाली, आणि ते ७१ टक्के तिथून थेट शून्यावर गेले. कागदावर दोन्ही पायऱ्या पाच-पाच मिलिग्रॅमच्या आहेत. मेंदूच्या हिशेबात मात्र पहिली पायरी घराच्या उंबऱ्याएवढी आणि दुसरी माडीवरून अंगणात उडी मारण्याएवढी आहे. 'अर्धीवर तर मी ठणठणीत होते, मग शेवटच्या अर्धीनेच का असे केले?' हा प्रश्न मला या विषयात सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर या आलेखात आहे.

'एक दिवसाआड' या पद्धतीविषयीही बोलायला हवे, कारण ती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. वाटते ते असे की रोजची अर्धी म्हणजे एक दिवसाआड एक, हिशेब सारखाच. पण दर तीस तासांत औषध निम्मे होत असेल, तर अठ्ठेचाळीस तासांनी ते जेमतेम एक तृतीयांश उरते. मग गोळी घेतली की पुन्हा चढते. शरीराला स्थिर होण्याची उसंतच मिळत नाही, दर दोन दिवसांनी नवा हेलकावा बसतो. फ्लुऑक्सेटिन दीर्घकाळ टिकते म्हणून त्याच्या बाबतीत हे चालून जाते. तुमच्या गोळीसाठी नाही. मात्रा लहान होत गेली तरी ती रोज आणि शक्यतो एकाच वेळी घ्यायची.

पुन्हा प्रयत्न करावा का, याचे उत्तर मी तुमच्या वतीने देणार नाही, पण ते देताना एक आकडा तुमच्यासमोर असायला हवा. ब्रिटनमध्ये ४७८ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दीर्घकाळ गोळी घेणारे, बरे असलेले आणि थांबवण्याचा विचार करू लागलेले लोक निवडले होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू नकली गोळीने बदलली. वर्षभरात नैराश्य परतले ते गोळी चालू असलेल्यांत ३९ टक्के लोकांचे आणि थांबवलेल्यांत ५६ टक्के लोकांचे. म्हणजे गोळी चालू ठेवल्याने खात्री मिळत नाही, आणि सोडल्याने आजार हटकून परततो असेही नाही, पण धोका वाढतो हे खरे. तुमच्या बाजूने पाहिले तर आयुष्यात एकदाच आजार झाला, त्याला आईच्या जाण्याचे निमित्त होते, आणि पुढची नऊ वर्षे चांगली गेली. ज्यांना दोन-तीनदा आजार होऊन गेला आहे, किंवा ज्यांनी आजारात जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला होता, त्यांना मी बहुधा गोळी चालू ठेवण्याचाच सल्ला देते. तुम्हाला पहाटे जे 'नको नको ते विचार' येत, त्यांत मरणाचे विचार होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. होते असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्यावर हा निर्णय बदलू शकतो. आणि थांबवायचे ठरले तर मोकळ्या हाताने थांबवू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२४ लोकांपैकी काहींना गोळी कमी करत असतानाच सजगतेवर आधारलेले मानसोपचार शिकवले गेले. दोन वर्षांत त्यांच्यातले आजार परतण्याचे प्रमाण गोळी चालू ठेवणाऱ्यांइतकेच राहिले. ती पद्धत वेगळी, पण आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने, म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलायला शिकवत, काम करणारे समुपदेशक बऱ्याच शहरांत आहेत. गोळी कमी करायला लागण्याच्या दोन-तीन महिने आधीच त्यांच्याकडे जाणे सुरू करा. झटके सुरू झाल्यावर नवे काही शिकायला मन ताळ्यावर नसते.

आता कसे, ते. पुढचे आकडे हे माझे प्रिस्क्रिप्शन नाही, तुमच्या डॉक्टरांसमोर बसून बोलता यावे म्हणून केलेला आराखडा आहे. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमच्या गोळीतही मिळते, त्यामुळे १० वरून साडेसात, मग ५, मग पावणेचार, मग अडीच, मग सव्वा, इथपर्यंत गोळीचे तुकडे करून जाता येते. दर टप्प्यावर निदान चार आठवडे राहावे, आणि आधीच्या टप्प्याचा त्रास पुरता निवल्याखेरीज किंवा सहज सोसण्याइतका झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. सव्वाच्या खाली खरी कसोटी आहे. त्या मात्रेलाही आलेखावर जवळजवळ चाळीस टक्के परिणाम शिल्लक असतो, म्हणून तिथून एकदम शून्यावर न जाता अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरून मग थांबलेले बरे. इतकी बारीक मात्रा गोळीतून काढता येत नाही. त्यासाठी पातळ औषध मिळते का, किंवा गोळी पाण्यात मिसळून सिरिंजने मोजून घेता येईल का, हे डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्याकडून समजून घ्या. घरच्या घरी प्रयोग करू नका. सगळे मिळून वर्षभर लागेल असे धरून चाला, आणि दीड वर्ष लागले तरी वाईट वाटून घेऊ नका.

गोळी कापण्याविषयी एक बारीक गोष्ट. भाजीच्या सुरीने पोळपाटावर गोळी कापायला गेले की एक तुकडा टुणकन ओट्याखाली जातो आणि उरलेल्याचा चुरा होतो. मग तो चुरा बोटाने टिपून घेतला जातो आणि आज किती घेतली याचा अंदाजच राहत नाही. मेडिकलमध्ये गोळी कापण्याची छोटी डबी मिळते, ती घ्या. चार गोळ्यांचे तुकडे एकदम करून ठेवा, म्हणजे लहान-मोठे तुकडे आठवडाभरात एकमेकांची भरपाई करतील. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कापायच्या नसतात, ज्यांच्या पाकिटावर सीआर, एसआर किंवा ईआर असे लिहिलेले असते त्या. कंपनीही शक्यतो मध्येच बदलू नका.

इथेच इतर वाचकांसाठी एक सूचना, कारण हे प्रकरण आपल्याकडे फार आढळते. आपल्या गोळीच्या पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून वाचा. नावापुढे 'प्लस' असेल, तर त्यात बहुधा एस्सिटालोप्रॅमच्या जोडीला क्लोनाझेपाम हे घबराट शमवणारे, झोप आणणारे औषध असते. क्लोनाझेपाम अचानक बंद केल्यास फिट येण्याचाही धोका असतो. अशा जोडगोळीची मात्रा कमी करताना दोन्ही औषधे एकदम घटतात आणि कशामुळे काय होते आहे तेच कळत नाही. आधी दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून घ्यावीत आणि एका वेळी एकच कमी करावे.

आणखी एक, जे सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेता का? ती ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल, तर तिच्यामुळे एस्सिटालोप्रॅमचे रक्तातले प्रमाण वाढते. मात्रा कमी करण्याच्या काळात ती ॲसिडिटीची गोळी सोडली, तर नकळत दोन पायऱ्या एकदम उतरल्यासारखे होईल. चालू असेल तर चालू ठेवा, नसेल तर परस्पर सुरू करू नका, आणि दोन्ही गोळ्यांची नावे डॉक्टरांना एकत्र दाखवा. तसेच, 'इंग्रजी औषधे आजच बंद करा, आमचा काढा घ्या' असे सांगणारे कोणी ना कोणी या वर्षभरात तुम्हाला भेटेल. काढ्याविषयी मी काही म्हणत नाही; 'आजच बंद' हे मात्र ऐकू नका.

सुरुवात कधी करायची? दहावीचा निकाल, घरातले लग्न, घराचे बांधकाम, यांच्या तोंडावर नको. मला विचाराल तर पेपर तपासून झाल्यावर, मेच्या सुट्टीत पहिली पायरी घ्यावी. गणपतीला गावी जाताना किंवा लांबच्या प्रवासात दोन ठिकाणी गोळ्या ठेवा, एक पाकीट पर्समध्ये आणि एक बॅगेत. राहून गेलेल्या गोळीने होणारा त्रास पुढच्या सगळ्या हिशेबाचा विचका करतो. चक्कर येत असेल त्या दिवशी स्कूटी चालवू नका. झोपेची वेळ सांभाळा, संध्याकाळनंतरचा चहा सोडा.

एक वही ठेवा. रोज रात्री निजण्यापूर्वी चारच नोंदी: आजची मात्रा, झोपेचे तास, झटके किती, आणि मनाला दहापैकी गुण किती. दोन ओळींहून जास्त लिहू नका, नाहीतर दिवसभर स्वतःलाच तपासत राहाल. दोन महिन्यांनी ती वही पाहिली की एक आकार दिसू लागेल: पायरी उतरल्यावर काही दिवसांनी गुण खाली, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा वर. हा त्रास लाटांनी येतो. चांगले चार दिवस गेल्यावर एक वाईट दिवस उगवतो आणि वाटते की सगळे फसले. वही पाहून ते खरे की खोटे ते ठरवा. एखादी पायरी झेपलीच नाही, तर डॉक्टरांशी बोलून आधीच्या पायरीवर परत जायचे, तिथे महिना-दोन महिने थांबायचे आणि पुढची उडी अर्धी करायची. अडीच मिलिग्रॅमपाशी येऊन तुम्हाला वाटले की इथेच राहावे, तर राहा; दहावरून अडीचवर येणेही पुष्कळ आहे.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांनी वाईट हेतूने म्हटले नाही. नऊ वर्षांपूर्वीची तुमची अवस्था त्यांनी पाहिली आहे आणि ते दिवस परत येतील या भीतीने ते बोलून गेले. त्यांच्यावर एक काम सोपवा: 'आजार उलटला' असे म्हणण्याऐवजी 'गोळी शेवटची कधी कमी केली होती?' एवढे विचारायचे. मुलगा कळता असेल तर त्यालाही सांगा की या काळात आई चिडली तर चूक त्याची नसेल.

काही लक्षणांत मात्र वही, आराखडा, वाट पाहणे, सगळे बाजूला ठेवायचे. मरणाचे विचार येऊ लागले, आतून अशी तगमग होऊ लागली की एका जागी दोन मिनिटे बसवत नाही, सलग अनेक रात्री झोपच आली नाही, किंवा पंधरा दिवसांहून अधिक काळ मन खालीच राहिले आणि पहाटेची ती जाग परत आली, तर मात्रा आणखी कमी करणे त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना लगेच भेटा. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मिस्टरांच्या फोनमध्येही साठवून ठेवा.

राहिली वर्गाची गोष्ट. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली, पण मला वाटते की पुन्हा प्रयत्न करण्याची खरी भीती तिथे आहे: चाळीस मुलांसमोर, हातात खडू असताना, डोक्यात वीज चमकेल. सावकाश गेलात तर झटका कदाचित येणारही नाही, आला तर बहुधा मागच्यापेक्षा हलका असेल. तरीही आला, तर टेबलावर हात टेकवा, नजर एका जागी, फळ्याच्या कोपऱ्यावर किंवा समोरच्या बाकावर, स्थिर ठेवा आणि थोडे थांबा. झटका तेवढ्यात निघून जातो. वळायचे असेल तेव्हा नुसते डोळे न फिरवता सगळे अंग सावकाश वळवा. 'जरा पाणी पिते, तोवर पुढचे उदाहरण सोडवा,' असे म्हटले तर मुलांना त्यात काही वावगे वाटणार नाही, आणि त्यांचे उदाहरण सुटेपर्यंत तुम्ही पुन्हा फळ्यापाशी असाल.